कर्नल अपग्रेडनंतर स्टोरेज मंदावलं: वेळ नेमका कुठे जातो ते कसं शोधायचं

प्रश्न थोडक्यात असा. डेटाबेसचा एक लिनक्स सर्व्हर आहे. दोन एनव्हीएमई एसएसडींचा मिरर (दोन्हींवर सारखाच डेटा), त्यावर लक्स एन्क्रिप्शन, त्यावर एलव्हीएम (डिस्कच्या जागेचे भाग पाडणारा थर) आणि ईएक्सटी४ ही फाइलसिस्टम. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, ४.१५ वरून ५.१५ वर नेला. हार्डवेअर तेच, डेटाबेसही तोच. तेव्हापासून लिहिण्याचा वेग जवळजवळ निम्म्यावर आलाय आणि डिस्कचा भार दाखवणारं आयओस्टॅट डिस्क शंभर टक्के व्यस्त असल्याचं दाखवतं. ग्रबमध्ये (कर्नल बूट करून देणारा प्रोग्राम) ‘एलिव्हेटर=नूप’ घालून पाहिलं, फरक पडला नाही. आता मिटिगेशन्स (प्रोसेसरमधल्या सुरक्षा त्रुटींवरच्या दुरुस्त्या) बंद करायची, की सरळ जुन्या कर्नलवर परत जायचं?

इतक्यात दोन्ही नको. तुम्ही आत्तापर्यंत जे केलंय त्यात मोजमाप कुठेच नाही, सगळे उपायच आहेत. असे उपाय म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. आधी हा दोष खरंच कर्नलचा आहे हे सिद्ध करा. मग एका विनंतीचा वेळ थरांमध्ये वाटून पाहा. हे झालं की बदलण्यासारखी गोष्ट बहुतेक वेळा एकच उरते.

एलिव्हेटरचं आधी सांगून टाकतो, कारण त्यात बरेच जण अडकतात. कर्नल ५.० मध्ये जुना एकाच रांगेचा ब्लॉक थर (डिस्ककडे जाणाऱ्या विनंत्या हाताळणारा भाग) पूर्ण काढून टाकला गेला. त्याच्याबरोबर नूप, डेडलाइन आणि सीएफक्यू हे तिन्ही शेड्युलर, म्हणजे विनंत्यांचा क्रम ठरवणारे भाग, गेले. आता नन, एमक्यू-डेडलाइन, बीएफक्यू आणि कायबर एवढेच आहेत, आणि शेड्युलर निवडणारा ‘एलिव्हेटर=’ हा बूट पॅरामीटर नव्या कर्नलवर काहीच करत नाही. त्यातही एनव्हीएमई डिस्क पूर्वीपासून बहुरांगी थरावरच चालते आणि तिथे सहसा नन हाच शेड्युलर असतो. म्हणजे तुमच्या बाबतीत शेड्युलर जवळजवळ संशयाबाहेर आहे. सिसएफएसमध्ये (कर्नलच्या सेटिंग्ज फाइलींच्या रूपात दिसतात ती जागा) त्या डिस्कच्या क्यू डिरेक्टरीतली शेड्युलर फाइल वाचा. चौकटी कंसात जे नाव दिसेल तेच लागू आहे. ज्यांच्याकडे फिरत्या डिस्क आहेत त्यांचा प्रश्न वेगळा. तिथे सीएफक्यू जाऊन एमक्यू-डेडलाइन आल्यामुळे प्रत्येक प्रोसेसला वेळेचा वाटा देणारी व्यवस्थाच नाहीशी होते, आणि बॅकअप सुरू झाला की बाकी सगळं अडकतं. तशा डिस्कवर बीएफक्यू लावून पाहणं योग्य.

आता पुराव्याकडे. अपग्रेड म्हणजे नुसता नवा कर्नल नसतो. त्यात रिबूट असतो, सेवा चालवणारं नवं सिस्टमडी असतं, डिव्हाइसना सेटिंग लावणारे नवे यूडेव्ह नियम असतात, कधी फर्मवेअरही बदलतं. रिबूटनंतर पेज कॅश रिकामी असते, त्यामुळे पूर्वी मेमरीतून मिळणारं वाचन आता डिस्कवर जातं आणि लिहिण्याच्या वाटेत उभं राहतं. मिरर नीट बंद झाला नसेल तर त्याचं रीसिंक (दोन्ही डिस्क पुन्हा जुळवणं) मागे चालू असतं. प्रॉकमधली एमडीस्टॅट फाइल एका नजरेत ते सांगते. हे सगळं बाजूला काढायचं तर त्याच मशीनवर, त्याच सॉफ्टवेअरसह, फक्त कर्नल बदलून चाचणी करायची. जुना कर्नल अजून बसवलेला असेल तर ग्रबमधून फक्त पुढच्या एका बूटसाठी तो निवडता येतो, कायमची सेटिंग बदलावी लागत नाही. जुना, नवा आणि पुन्हा जुना, या क्रमाने मोजा. तिसरी फेरी टाळू नका. एसएसडी सतत लिहिण्याने स्वतःच मंदावत जाते, आणि तिसरी फेरी पहिलीशी जुळली तरच मधल्या आकड्याला अर्थ येतो. प्रत्येक फेरीआधी रीसिंक संपलंय ना, एफएसट्रिम (रिकामी जागा कोणती ते एसएसडीला कळवणं) झालंय ना आणि सीपीयूचा वेग ठरवणारा गव्हर्नर तोच आहे ना, हेही बघा.

चाचणी एफआयओने (डिस्कचा वेग मोजणारं साधन) करा, डेटाबेसने नाही. ४ केबीचे रँडम राइट, डायरेक्ट आयओ (मेमरीतली कॅश टाळून), एकदा क्यू डेप्थ १ ठेवून (एका वेळी एकच विनंती) आणि एकदा ३२ ठेवून. त्यानंतर तेच क्यू डेप्थ १ वर, पण प्रत्येक लिखाणानंतर एफडेटासिंक (डेटा खरंच डिस्कवर पोहोचेपर्यंत थांबणं) घालून. आणि शेवटी डायरेक्ट आयओ काढून, कॅशमधून जाणारं साधं लिखाण. या चार आकड्यांची दोन कर्नलवर तुलना केली की अर्धं निदान तिथेच होतं. सगळे आकडे पडले असतील तर सीपीयू, एन्क्रिप्शन किंवा डिस्कची लिंक. फक्त एफडेटासिंकचा पडला असेल तर फ्लश, म्हणजे डिस्कला तिच्या कॅशमधलं सगळं कायमचं लिहायला लावणं. फक्त कॅशमधल्या लिखाणाचा पडला असेल तर राइटबॅक थ्रॉटलिंग (कॅशमधून डिस्कवर जाणाऱ्या लिखाणाला लगाम), डर्टी पेजच्या (अजून डिस्कवर न गेलेल्या डेटाच्या) मर्यादा किंवा सीग्रुप (प्रोसेसच्या गटांवर मर्यादा घालणारी सोय). सरासरीबरोबर ९९ वा पर्सेंटाइलही (शंभरातल्या नव्व्याण्णव विनंत्या ज्या वेळात आटोपतात तो वेळ) नोंदवा. डेटाबेसला सरासरीपेक्षा तोच जास्त छळतो. आणि एक कळकळीची विनंती: एफआयओची लिहिण्याची चाचणी फाइलवरच करा. थेट डिव्हाइसचं नाव दिलंत तर त्यावरचा डेटा जाईल.

जुन्या कर्नलवरही आकडे तितकेच खराब आले, तर कर्नलचा विषय तिथेच संपला. मग फर्मवेअर, डिस्कचं आरोग्य आणि डेटाबेसची क्वेरी प्लॅन बघा. असं आपल्याला वाटतं त्यापेक्षा बऱ्याचदा होतं.

शंभर टक्के व्यस्त या आकड्यावर तर विसंबूच नका. एनव्हीएमई एकाच वेळी अनेक विनंत्या हाताळते. तिच्याकडे सतत एखादी तरी विनंती होती, एवढाच त्या आकड्याचा अर्थ; क्षमता संपली असा नाही. शिवाय कर्नल ५.० मध्ये हा वेळ मोजण्याची पद्धतच बदलली. प्रत्येक विनंतीगणिक नेमकी नोंद ठेवण्याचा खर्च टाळण्यासाठी अधिक ढोबळ मोजणी आली. ४.१५ वरचा टक्का आणि ५.१५ वरचा टक्का यांची तुलना करणं म्हणजे दोन वेगळ्या फुटपट्ट्यांनी मोजणं. आयओस्टॅटमध्ये बघायचे ते वाचन-लेखनाचे अवेट (एका विनंतीला सरासरी लागलेला वेळ) आणि सरासरी रांगेची लांबी.

आणि ते प्रत्येक थरासाठी वेगवेगळे बघायचे. तुमच्या रचनेत हे फार उपयोगी पडतं, कारण एकावर एक चार थर आहेत. आयओस्टॅट विस्तारित स्वरूपात दर सेकंदाला चालू ठेवा आणि एलव्हीएमचं डीएम (डिव्हाइस मॅपर) डिव्हाइस, लक्सचं डीएम डिव्हाइस, एमडी (मिरर) आणि खालच्या दोन एनव्हीएमई यांच्या ओळी एकत्र वाचा. समजा लक्सच्या ओळीत लेखनाचा अवेट ०.९० मिलिसेकंद दिसतोय आणि त्याच सेकंदाला एनव्हीएमईच्या ओळीत ०.०५. याचा अर्थ डिस्क आपलं काम पन्नास मायक्रोसेकंदांत आटोपते आहे आणि उरलेला वेळ वरच विनंती वाट पाहत बसली आहे. अशा वेळी डिस्कच्या पॉवर सेटिंगला हात लावून काही मिळणार नाही. उलट एनव्हीएमईच्याच ओळीत ०.८५ दिसला तर वरच्या थरांना मोकळं सोडा आणि खाली उतरा. एमडीचा मिरर दोन्ही डिस्कचं उत्तर येईपर्यंत थांबतो, त्यामुळे दोघींपैकी एकच डिस्क हळू असली तरी अख्खा मिरर हळू दिसतो. दोन ओळींत तफावत दिसली तर तोच धागा धरा.

खालच्या पातळीवर आणखी एक विभागणी करता येते. बीपीएफच्या (चालू कर्नलमध्ये डोकावून मोजण्याची सोय) साधनांतलं बायोलेटन्सी नुसतं चालवलं तर विनंती ड्रायव्हरकडे दिल्यापासून पूर्ण होईपर्यंतचा वेळ हिस्टोग्राममध्ये दाखवतं. क्यूचा पर्याय दिला तर ब्लॉक थरातल्या रांगेचा वेळही धरतं. दोन हिस्टोग्राममधला फरक म्हणजे रांगेत गेलेला वेळ. हिस्टोग्राम बघण्याचं कारण असं की सरासरीत जे दिसत नाही ते इथे दिसतं. बहुतेक विनंत्या जलद आणि थोड्या विनंत्या फार उशिरा, असे दोन वेगळे उंचवटे दिसले तर काहीतरी अधूनमधून अडवतंय: झोपेतून उठणारी डिस्क, फ्लश किंवा थ्रॉटलिंग. सगळा उंचवटा एकसारखा उजवीकडे सरकला असेल तर प्रत्येक विनंतीवरचा खर्चच वाढलाय.

आता या दोन वाटा. वेळ डिस्कपाशी जात असेल तर पहिली तपासणी लिंकची. एलएसपीसीआय (पीसीआय उपकरणांची माहिती देणारी कमांड) सविस्तर चालवून लिंक क्षमता आणि लिंक स्थिती या दोन ओळी बघा. चार लेनच्या डिस्कची लिंक दोन लेनवर आली असेल, किंवा वेग खालच्या पिढीवर उतरला असेल, तर स्थितीच्या ओळीत ते सरळ लिहिलेलं असतं. नुसतं पाहून सोडू नका, दोन्ही कर्नलवरच्या ओळी शेजारी ठेवा. त्यानंतर डीमेसेजमध्ये (कर्नलच्या नोंदी) त्या डिस्कच्या नावाने रीसेट, टाइमआउट किंवा एईआरच्या (पीसीआयवरच्या चुकांच्या) नोंदी आहेत का बघा. मग वीज वाचवणाऱ्या सोयी. एनव्हीएमईची एपीएसटी (काम नसताना डिस्कला आपोआप झोपवणारी सोय) लिनक्समध्ये ४.११ पासून आहे, तेव्हा ती तुमच्या दोन्ही कर्नलमध्ये असणार. पण कोणत्या मॉडेलवर ती टाळायची याची यादी आणि पीसीआय लिंकचं वीज वाचवण्याचं एएसपीएम धोरण कर्नलगणिक बदलू शकतं. याचं लक्षण ठळक असतं: भरपूर भार असताना डिस्क ठीक, तुरळक भारावर मात्र पहिली विनंती उशिरा. पडताळायला एनव्हीएमई-कोरचा ‘डिफॉल्ट पीएस मॅक्स लेटन्सी’ हा पॅरामीटर शून्य करून बूट करा आणि क्यू डेप्थ १ ची चाचणी पुन्हा घ्या. आकडा हलला नाही तर तो पॅरामीटर लगेच काढून टाका. निष्प्रभ ठरलेली सेटिंग मागे राहिली की पुढच्या माणसाला ती मुद्दाम केलेली वाटते.

वेळ वरच्या थरांत जात असेल तर तुमच्या रचनेत माझा पहिला संशय डीएम-क्रिप्टवर, म्हणजे लक्सचं प्रत्यक्ष एन्क्रिप्शन करणाऱ्या कर्नलच्या भागावर. कारण साधं आहे: तिथे प्रत्येक लिखाण आधी वर्कक्यूमधल्या (मागे करायला ठेवलेल्या कामांची रांग) दुसऱ्या थ्रेडकडे जातं, एन्क्रिप्ट होतं आणि मग आणखी एका थ्रेडमार्फत खाली पाठवलं जातं. फिरत्या डिस्कच्या काळात हा फेरा खटकत नव्हता. पन्नास मायक्रोसेकंदांत उत्तर देणाऱ्या डिस्कसमोर तो मोठा होतो, आणि वर्कक्यू किंवा सीपीयू शेड्युलरच्या वागण्यात थोडा बदल झाला तरी लगेच जाणवतो. आधी क्रिप्टसेटअपचं बेंचमार्क दोन्ही कर्नलवर चालवा. एईएस-एक्सटीएसचा (लक्सची नेहमीची एन्क्रिप्शन पद्धत) आकडाच पडला असेल तर सीपीयूच्या एईएस सूचना वापरणारं मॉड्यूल लोड झालेलं नाही किंवा सीपीयूची वारंवारता खाली अडकली आहे. आकडा सारखाच आला तर एन्क्रिप्शन ठीक आहे, फेरा महाग पडतोय. त्यासाठी ५.९ पासून वाचन आणि लेखनाच्या वर्कक्यू वगळण्याचे दोन पर्याय आले आहेत. क्रिप्टसेटअपच्या रिफ्रेश कमांडने ते चालू व्हॉल्यूमवर लावून पाहता येतात आणि लक्स२ मध्ये कायम नोंदवताही येतात. हे सगळ्यांनी डोळे मिटून लावावं असं मी म्हणणार नाही. वर्कक्यू वगळली की एन्क्रिप्शनचं काम विनंती पाठवणाऱ्या सीपीयूवरच होतं, आणि एकच थ्रेड मोठी लिखाणं करत असेल तर वेग घटतोही. पुढे कधी ६.६ किंवा त्यानंतरच्या कर्नलवर गेलात तर हे पुन्हा मोजा, कारण तिथे वर्कक्यूंनी कोणत्या सीपीयूवर काम वाटायचं याची पद्धतच बदलली आहे.

फक्त कॅशमधल्या लिखाणाचा आकडा पडला असेल तर क्यू डिरेक्टरीतली राइटबॅक थ्रॉटलिंगची लेटन्सी फाइल बघा. एसएसडीला तिचं डीफॉल्ट लक्ष्य २ मिलिसेकंद असतं. सीग्रुपही बघा. डिस्ट्रोच्या नव्या आवृत्तीबरोबर सीग्रुप व्ही२ लागू झालं असेल तर पूर्वी लागू न होणारी आयओ मर्यादा आता कॅशमधल्या लिखाणालाही लागू होते. सेवेच्या युनिट फाइलमध्ये कुणीतरी फार पूर्वी घातलेली मर्यादा अशी अचानक जागी होऊ शकते.

एक गोष्ट मात्र प्रत्येकाने करावी. जुन्या कर्नलवर बूट केलेलं असताना सिसएफएसमधल्या प्रत्येक डिस्कच्या क्यू डिरेक्टरीतली सगळी मूल्यं एका फाइलमध्ये उतरवून घ्या, नव्या कर्नलवर तेच करा आणि दोन फाइलींचा डिफ काढा. शेड्युलर, रीड-अहेड, रांगेची लांबी, एका विनंतीचा कमाल आकार, राइट कॅशचा प्रकार, सगळं एका पानावर समोर येतं. डिस्क ओळखताना डब्ल्यूडब्ल्यूएन (डिस्कचा न बदलणारा ओळख क्रमांक) किंवा अनुक्रमांक वापरा. कर्नल बदलला की एनव्हीएमई० आणि एनव्हीएमई१ यांची अदलाबदल होऊ शकते, आणि नावावर लिहिलेला यूडेव्ह नियम मग भलत्याच डिस्कला लागतो.

त्या डिफमध्ये राइट कॅशची ओळ बदललेली दिसली तर तिथे थांबा, कारण हा भाग सगळ्यात नाजूक आहे. डेटाबेस कमिट करताना, म्हणजे व्यवहार पक्का करताना, एफसिंक करतो: डेटा डिस्कवर कायमचा पोहोचेपर्यंत थांबतो. डिस्कवर वीज गेली की पुसली जाणारी कॅश असेल तर कर्नलला तिथे फ्लश पाठवावाच लागतो, आणि साध्या एसएसडीवर फ्लशला मिलिसेकंद लागू शकतात. वीज गेल्यावरही कॅश वाचवणारे कपॅसिटर असलेल्या डिस्क सहसा ‘राइट थ्रू’ (पुसली जाणारी कॅश नाही) म्हणून ओळख देतात, आणि मग कर्नल फ्लश पाठवतच नाही. आता असं समजा की जुन्या कर्नलवर मधल्या एखाद्या थराच्या चुकीमुळे फ्लश खालपर्यंत पोहोचत नव्हता आणि नव्या कर्नलने ती चूक दुरुस्त केली. आकडे सांगतील की वेग निम्मा झाला. खरं तर पूर्वीचा वेग तुमच्या डेटाच्या सुरक्षिततेच्या मोबदल्यात मिळत होता. अशा वेळी राइट कॅशच्या फाइलमध्ये ‘राइट थ्रू’ लिहून फ्लश बंद पाडणं किंवा ईएक्सटी४ ला नोबॅरिअर (फ्लश न पाठवण्याचा पर्याय) देणं हा उपाय नव्हे. वीज गेल्यावर कमिट झालेले व्यवहार हरवतील, आणि ते हरवलेत हे कधीकधी उशिरा कळेल. एक्सएफएस या दुसऱ्या फाइलसिस्टमने नोबॅरिअर ४.१० पासून निष्प्रभ केलं आणि ४.१९ मध्ये काढूनच टाकलं, ते याच विचाराने. फ्लशच महाग पडत असेल तर कपॅसिटरची डिस्क घ्या, किंवा डेटाबेसमध्ये अनेक कमिट एकत्र करून एकाच एफसिंकमध्ये बसवा.

आता मिटिगेशन्स. मेल्टडाउन आणि स्पेक्टर या प्रोसेसरमधल्या त्रुटी जानेवारी २०१८ मध्ये उघड झाल्या, आणि ४.१५ मध्ये पेज टेबल वेगळं ठेवण्याची दुरुस्ती आधीच होती. म्हणजे तो खर्च तुम्ही जुन्या कर्नलवरही भरत होता. नंतर २०१९ मध्ये एमडीएस आणि २०२२ मध्ये रेटब्लीड या तशाच त्रुटी आल्या. रेटब्लीडची दुरुस्ती स्कायलेकच्या पिढीतल्या इंटेलवर आणि झेन २ पर्यंतच्या एएमडीवर जाणवण्याइतकी महाग असू शकते. सिसएफएसमध्ये सीपीयूखाली व्हल्नरेबिलिटीज नावाची डिरेक्टरी आहे. तिच्यातल्या फाइलीही दोन्ही कर्नलवर उतरवून डिफ काढा. फरक नसेल तर हा विषय बंद. फरक असेल तर डेटाबेसचं काम चाचणी मशीनवर नेऊन एकदा ‘मिटिगेशन्स=ऑफ’ ने बूट करा, फक्त मोजण्यासाठी. हा खर्च कर्नलमध्ये शिरण्या-बाहेर पडण्यावर लागतो, म्हणून छोट्या आणि असंख्य विनंत्यांना बसतो. मोठ्या सलग लिखाणाला जवळजवळ नाही. आकडा खरंच तिथेच जात असेल तर सिस्टम कॉल कमी करा: विनंत्या एकत्र पाठवा, सॉफ्टवेअर साथ देत असेल तर आयओ-युरिंग (अनेक विनंत्या एकदम कर्नलकडे देण्याची सोय) वापरा. लोकांचा डेटा ठेवणाऱ्या सर्व्हरवर मिटिगेशन्स कायमची बंद करावीत असं मी सुचवणार नाही.

याच्याशी लागूनच आयओएमएमयू, म्हणजे कोणत्या डिव्हाइसने मेमरीचा कोणता भाग वापरायचा ते ठरवणारं हार्डवेअर. नव्या कर्नलच्या बांधणीत ते डीफॉल्टने चालू झालं असेल किंवा कडक पद्धतीवर गेलं असेल, तर प्रत्येक डीएमए विनंतीला (डिव्हाइसने थेट मेमरी वाचणं-लिहिणं) मॅपिंगचा खर्च पडतो. डीमेसेजमध्ये आयओएमएमयू शोधा आणि पर्फमध्ये (सीपीयूचा वेळ कोणत्या फंक्शनमध्ये जातो ते दाखवणारं साधन) ती फंक्शनं वर तरंगताहेत का बघा. भार चालू असताना पर्फ अर्धा मिनिट चालवणं तसंही योग्यच आहे. सीपीयू जळत असेल तर उत्तर तिथेच नावानिशी मिळतं.

तुमच्याकडे झेडएफएस ही फाइलसिस्टम नाही, पण हे वाचणाऱ्या कुणाकडे असेल म्हणून सांगतो. ५.० मध्ये कर्नलने फ्लोटिंग पॉइंट युनिट वापरण्याचं जुनं फंक्शन बाहेरच्या मॉड्यूलना देणं बंद केलं. झेडएफएस कर्नलच्या बाहेर असल्यामुळे त्याच्या चेकसम, रेड-झेड (डिस्क बिघडली तरी डेटा वाचवणारी रचना) आणि एन्क्रिप्शनच्या वेगवान सीपीयू सूचना काही काळ बंद पडल्या. डिस्क, शेड्युलर, सेटिंग, सगळं तसंच होतं. झेडएफएसने स्वतःची वेगळी सोय केल्यावर वेग परत आला. कर्नलबाहेरचं मॉड्यूल असेल तर त्याची आवृत्तीसुद्धा दोन्ही चाचण्यांत नोंदवा.

इतकं करूनही कारण सापडलं नाही आणि जुना-नवा फरक दर वेळी तसाच येत असेल, तर ती खरी रिग्रेशन, म्हणजे नव्या आवृत्तीने आणलेला बिघाड, आहे आणि ती कळवली पाहिजे. ४.१५ ते ५.१५ हे अंतर फार मोठं आहे, म्हणून थेट गिट बायसेक्टला (निम्मे-निम्मे बदल वगळत दोषी बदल शोधणं) हात घालू नका. मधले तयार कर्नल आधी तपासा: ५.४, ५.१०. एकात ठीक आणि पुढच्यात बिघाड असं दिसलं की मधल्या आवृत्त्या तपासा, लागोपाठच्या दोन आवृत्त्या सापडेपर्यंत. दोन आवृत्त्यांमध्ये साधारण तेरा-चौदा हजार बदल असतात, आणि दर वेळी निम्मे वगळत गेलं तर चौदा-एक बांधण्यांत एका बदलापर्यंत पोहोचता येतं. यासाठी मूळ कर्नल वापरा, डिस्ट्रोचा नको, आणि बाहेरची मॉड्यूल काढून ठेवा. ‘स्टोरेज हळू झालं’ एवढ्यावर कुणाला काही करता येत नाही. एफआयओची जॉब फाइल, दोन आकडे आणि एक कमिट दिलात तर बहुतेक वेळा तो बदल लिहिणाराच उत्तर देतो.

तोपर्यंत जुन्या कर्नलवर राहायचं असेल तर त्याला सुरक्षा दुरुस्त्या अजून मिळताहेत याची खात्री करून घ्या. मूळ ४.१५ ची देखभाल केव्हाच थांबली आहे. तुमची डिस्ट्रो स्वतः दुरुस्त्या देत असेल तरच तिथे थांबा, नाहीतर मधल्या एखाद्या दीर्घकालीन कर्नलवर या. पुढचं बोलायला मला तीन गोष्टी लागतील: दोन्ही कर्नलवरचे एफआयओचे चार-चार आकडे, भार चालू असताना आयओस्टॅटच्या सगळ्या थरांच्या ओळी, आणि क्यू डिरेक्टरीचा डिफ. माझा अंदाज डीएम-क्रिप्टचा आहे. लक्स आणि एनव्हीएमई यांच्या अवेटमधली तफावत बघितली की तो बरोबर की चूक ते लगेच कळेल.